नाबोथाचा मळा आणि माळढोकाचे अंडे



राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजा आणि नाबोथ यांची गोष्ट आहे. राजाला वाड्यालगतचा द्राक्षमळा हवा होता, तोही भाजीपाला लावायला. त्याची मागणी वरवर वाजवी होती. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. नाबोथाने नकार दिला, कारण जमीन वाडवडिलांची होती. पुढचे आपल्याला ठाऊक आहे: खोटे साक्षीदार, दगडमार, आणि मेलेल्या माणसाच्या मळ्यात ताबा घ्यायला उतरलेला राजा.

लातूर-नांदेडकडे ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या गावांसाठीची जमीन कुणाच्या तरी शेतातूनच आली. ज्याला घर मिळाले त्याच्यासाठी ते पुनर्वसन होते. ज्याचा सातबारा गेला त्याच्या घरी मात्र आजही वेगळे ऐकायला मिळते. तेव्हा चांगल्या कामासाठी जमीन घेतली म्हणजे कुणाला दुखत नाही, असे आपण तरी म्हणू नये.

आता शेजारचेच पाहू. तुळजापूरवरून सोलापूरला गेलो की पुढे बार्शी रस्त्यावर नान्नज लागते. तिथल्या माळरानावर माळढोक हा पक्षी राहत असे. पुरुषाच्या कमरेइतका उंच, नर १५ किलोपर्यंत भरणारा. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. या पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? ८४९६ चौरस किलोमीटर. आपला अख्खा लातूर जिल्हा सात हजारांच्या थोडा वर आहे, त्याहूनही मोठे. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले आणि हजारो शेतकऱ्यांची खासगी शेते आली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात रीत सांगितली आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांचे हक्क ऐकून घ्यावेत; मग ती जमीन वगळावी, किंवा मोबदला देऊन संपादित करावी, किंवा हक्क चालू ठेवावेत. कागदावर सीमा आखणे एका दिवसाचे काम असते, पण एवढी जमीन विकत घेणे कोणत्या सरकारला परवडणार? म्हणून जमीन शेतकऱ्याचीच राहिली आणि बंधने मात्र तिच्यावर बसली. खरेदी-विक्री अडली, बांधकामे अडली. लोक पक्ष्यावरच चिडले. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२ साली अभयारण्य १२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर माळरान बरेचसे नांगरले गेले होते, आणि काही ठिकाणी तर हिरवाई वाढवायची म्हणून गवताळ माळावर झाडे लावली गेली होती. माळढोकाला झाडी नको असते, त्याला मोकळे गवत लागते! हेतू चांगला असूनही असे होते. आज नान्नजला माळढोक दिसलाच तर नशीब. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले, बहुतेक राजस्थानात. तिथे विजेच्या तारांना धडकून मरतात, कारण समोरचे त्यांना नीट दिसत नाही.

यात अहाब कोण आणि नाबोथ कोण? आम्ही बराच विचार केला. शेतकरी नाबोथ आहे, यात शंका नाही. पण माळढोकही नाबोथच. त्याचा वारसा आपण घेतला, तोही किंमत न विचारता, कारण सातबाऱ्यावर त्याचे नाव नव्हते. आपल्याकडे माळाला ‘पडीक’ म्हणतात. मेंढपाळाला आणि गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनाला विचारा, ते पडीक आहे का. आपल्यातल्या किती घरांचा भाकरतुकडा अशाच गायरानातून आला, हे आपण विसरलेलो नाही. म्हणूनच पक्षी वाचवायचा म्हणजे सर्वात गरिबाला हुसकायचे, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटी आज्ञा आहे. वाटेत झाडावर किंवा जमिनीवर पक्ष्याचे घरटे सापडले तर पिलांबरोबर आईला नेऊ नये. ही आज्ञा पाळणाऱ्याला दीर्घायुष्याचे वचन आहे. आईवडिलांचा मान राखणाऱ्यालाही तेच वचन आहे. आणि लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव स्पष्ट बजावतो की जमीन त्याची आहे, आपण तिथे पाहुणे आहोत. पहिले वचन पक्ष्याच्या बाजूचे आहे. दुसरे सरकारलाही लागू आहे आणि आपल्यालाही. कै. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात लिहिले की आपल्यामुळे नष्ट होणारा जीव देवाचा गौरव करायचा थांबतो, आणि तसे करण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याच पत्रात गरिबांचा आक्रोश आणि पृथ्वीचा आक्रोश ते एकत्रच ऐकतात.

या रविवारच्या विश्वासूंच्या प्रार्थनेत आम्ही दोन विनंत्या घातल्या आहेत: एक, संपादनात जमीन गेलेल्या आणि मोबदल्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी, दुसरी, माळावरच्या त्या एका अंड्यासाठी. ज्यांच्या घरी भूसंपादनाची नोटीस आली असेल त्यांनी मिस्सानंतर थांबावे. कागद एकत्र बसून वाचू.