चाळीस माणसांची यादी

परदेशात लग्न करायचं ठरवलं की पाहुण्यांची यादी कुणाला कापावी लागत नाही. विमानाचं तिकीट, पासपोर्ट, रजा आणि म्हातारपणाची गुडघेदुखी मिळून ती कापून देतात. घरच्या लग्नात मात्र एकेक नाव आपल्या हाताने खोडावं लागतं. मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू झाल्यापासून माझं मन इथेच अडलं आहे.

तिचं आणि होणाऱ्या जावयांचं म्हणणं साधं होतं. थायलंडला समुद्रकाठी, जवळची चाळीस माणसं, दोन दिवस. हॉलमधल्या लग्नात नवरानवरी तासन्‌तास स्टेजवर उभी असतात, फोटोग्राफर सांगेल तिकडे बघतात आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जेवतात. आपल्या लग्नात आपल्याला चार माणसांशी धड बोलता यावं, हे तिचं मागणं मला मनापासून पटतं. खर्चाचा हिशेबही तिने मांडला. लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी जी हॉटेलं उभी राहिली, तिथे पाचशे पानं उठवण्यापेक्षा चाळीस जणांना परदेशी नेणं स्वस्त पडेल. हिशेब खोटा नव्हता.

आम्ही ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतले. ३२ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधे लांबलचक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. एका घरात हळद असली की मजल्यावरचं एकही दार बंद नसायचं. वऱ्हाडाचं सामान समोरच्यांकडे, अंघोळीचं पाणी तिसऱ्यांकडे, तान्ही बाळं कुणाच्याही खाटेवर. माझ्या आत्याचं लग्न संपाच्या काळातलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या घरात पगार येणं थांबलं. तरी लग्न झालं. पातेली मंडळाची, तांदूळ कुणाच्या गावचा, पुऱ्या लाटायला मजल्यावरच्या बायका. पैसा नव्हताच, पण मांडवात अख्खी चाळ होती. आज माझी मुलगी मागते ते याच्या अगदी उलट आहे: माणसं मोजकी आणि प्रत्येकामागे खर्च भरपूर. तिच्याकडे तिच्या कमाईचे पैसे आहेत, आमच्याकडे तेव्हा शेजारी होते. मी तिला दोष देत नाही.

लग्नासाठी मुंबई सोडून जाणं गिरणगावाला नवं नाही. मे महिना आला की कोकणातली, साताऱ्या-कोल्हापूरकडची कुटुंबं गावी जायची आणि कितीतरी लग्नं तिथेच लागायची. पण त्या प्रवासाने माणसं कमी होत नव्हती. देवक तिथे, भावकी तिथे, हाताला धरून मांडवात आणायची आजी तिथे. माणसं जिथे होती तिथे लग्न जायचं.

कायद्याचं मी नंतर वाचलं, आणि त्याने मनातला गुंता बराच सुटला. आपल्या वकिलातीत परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली लग्न करायचं तर नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने तिथे किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. दोन दिवसांच्या पाहुण्यांना ते शक्यच नाही. उलट विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोटीस देऊन तीस दिवस थांबलं की तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. जादा शुल्क भरलं तर विवाह अधिकारी वाजवी अंतरावरच्या ठिकाणी, अगदी घरीही, येऊ शकतात. म्हणजे थोडक्या माणसांत घरी लग्न करायची सोय कायद्याने केव्हाची करून ठेवली आहे. आपण ती फारशी वापरत नाही, कारण नावं खोडायची हिंमत होत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, ती हिंमत सरकारनेच केली. पंचवीस माणसं आणि दोन तास, असा आदेश निघाला. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचं लग्न त्याच दिवसांत झालं. नवी सून घेऊन तो परतला तेव्हा सगळे आपापल्या उंबऱ्यात उभे होते, तोंडाला मास्क आणि मुठीत अक्षता. कुणी रुसलं नाही. बोलावलं नाही म्हणून नंतरही कुणी टोचून बोललं नाही, कारण नकार घरच्यांनी दिलेला नव्हता.

आमची इमारत आता पुनर्विकासासाठी रिकामी झाली आहे. शेजारी पांगले, कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाडं घेऊन डोंबिवलीला. ‘घरी लग्न’ म्हटलं तर घर कुठलं, हा प्रश्नही मुलीने विचारला, आणि तो रास्त आहे. मी तिला एवढंच विचारलं, “समोरच्या काकू तुझ्या चाळिसांत आहेत का?” मी नोकरीवर असताना तिला ज्यांनी भरवलं, झोपवलं, त्या काकू. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही आणि विमानात बसायला त्या तयार होणार नाहीत.

“आई, काकूंचं नाव पहिलं आहे.”

मग ती वही घेऊन बसली. थायलंडला कोण येऊ शकेल हे बाजूला ठेवून, कोण नसलं तर चालणार नाही तेवढीच नावं तिने लिहिली. काकू, माझी आई, जावयांचे आजोबा, तिच्या शाळेतल्या बाई. पानाच्या अर्ध्यावर येईपर्यंत परदेशाचा विषय मागे पडला होता. आता दादरला एखादा छोटा हॉल बघायचा, अधिकाऱ्यांना तिथेच बोलवायचं आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, असं ठरतं आहे. समुद्राकडे ती दोघं नंतर जातील.

पण यादी चाळिसाचीच राहणार आहे, त्यावर ती ठाम आहे. माझे दोन चुलत दीर त्यात नाहीत, गावच्या भावकीतली बरीच घरं नाहीत, माझ्या ऑफिसमधलं कुणीच नाही. दोन्ही दीर मनाला लावून घेतील. पूर्वी मी म्हटलं असतं, घाल गं त्यांनाही, दोन पानं जास्त. या वेळी म्हणणार नाही. पत्रिका छापण्याआधी त्या प्रत्येकाला फोन करून मी स्वतः सांगणार आहे, थायलंडचं किंवा हॉलच्या जागेचं कारण न देता.