उसनी ऊब

स्वराला ऊब असते असें आपण सहज म्हणतों. परंतु ती स्वरांत असते, यंत्रांत असते, कीं ऐकणाऱ्याच्या आठवणींत असते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. मला तो गेल्या हिवाळ्यांत वडशाजवळच्या एका खेड्यांत करावा लागला. धानाची मळणी उरकली म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत रात्ररात्र नाटकें चालतात, आणि वडसा हें त्यांचें माहेरघर. (या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां माझ्या कित्येक शहरी मित्रांनीं 'झाडीपट्टी' हा शब्द प्रथमच ऐकला. आमच्या रसिकतेस ही गोष्ट फारशी भूषणावह नाहीं.)

त्या रात्रीं मंचापुढें तबलजीच्या जागीं ऑक्टोपॅड होता. दुसऱ्या दिवशीं तो वाजविणाऱ्या तरुणानें आपल्या संगणकावर मुद्रित केलेलें एक गाणें मला ऐकविलें. प्रथम होतें तसें, मग एका प्लगइनमधून गाळून. दुसऱ्या वेळीं स्वरामागें बारीक खरखर होती आणि नाद किंचित् भरदार झाला होता. "आता कसं जुन्या कॅसेटवानी ऊबदार वाटते, नाही का सर?" असें त्यानें विचारलें. शेजारीं पूर्वीचे तबलजी बसले होते. यंदा त्यांना बोलावणें आलें नव्हतें. ते हंसले, आणि गाणें पुन्हां एकदां लावावयास त्यांनीं सांगितलें.

येथें एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. अंकीय मुद्रण नादाचे तुकडे करतें म्हणून तें थंड असतें, असें पुष्कळ लोक मानतात. सीडीवर नादाचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेतलें जातें हें खरें; पण त्या मापांवरून मनुष्याच्या कानास ऐकूं येणारी लाट अखंड उभी करतां येते, तिच्यांत पायऱ्या उरत नाहींत. थंडपणा वाटतो तो तिच्या प्रामाणिकपणामुळें. फीत मात्र तशी प्रामाणिक नव्हे. आवाज चढला कीं तिच्यावरील चुंबकीय कणांची ग्रहणशक्ति संपते, लाटेचे शेंडे गोलावतात, मूळ नादांत नसलेले उपस्वर त्यांत मिसळतात, आणि त्यासच आपण ऊब म्हणतों. जो दोष काढून टाकण्यासाठीं अभियंत्यांनीं वर्षेंच्या वर्षें खर्ची घातलीं, तो आतां आपण संगणकाकडून विकत घेतों! (गडचिरोली जिल्हा चंद्रपुरांतून वेगळा झाला तो १९८२ सालीं, जपानांत सीडी विक्रीस आली तीही त्याच सालीं.)

मग ही फसवणूक काय? मला तसें म्हणवत नाहीं. वांग्याच्या भरतास निखाऱ्याची धुरी देणाऱ्या गृहिणीवर आपण चुलीची नक्कल केल्याचा आरोप ठेवीत नाहीं. शिवाय कृत्रिमतेविषयींचे आपले निवाडे फार काळ टिकत नाहींत. पेटी परदेशी, तिचे स्वर बांधलेले, तिच्यांत मींड नाहीं, म्हणून आकाशवाणीनें १९४० पासून सुमारें तीस वर्षें तिला दाराबाहेर ठेविलें. आणि इकडे गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवाल्यानें १९११ सालींच 'मानापमाना'स चाली दिल्या होत्या. आज पेटीचा सूर कानीं पडला कीं आपणांस घरचें माजघर आठवतें.

मला खुपलें तें निराळें. त्याच संगणकांत तालाचे ठोके केसभर मागेंपुढें सारण्याची सोय आहे; हेतु हा कीं माणूस वाजवीत असल्यासारखें वाटावें. माणूस तर शेजारीं खुर्चीवर बसलेला! तरुणाची बाजू मीं ऐकून घेतली. एका ऑक्टोपॅडमध्यें तबला, ढोलकी, ढगांचा गडगडाट सर्व मावतें. निर्मात्याची एक बिदागी वांचते. आणि त्यालाही घर आहे. त्याला दोष देण्याचें धैर्य मला झालें नाहीं, विशेषतः घरीं बसून, एक पैही न मोजतां, असलीं गाणीं 'ऊबदार' म्हणून ऐकणारा मीच असल्यानें.

संध्याकाळीं दंडारीची तालीम होती. दंवानें डफ उतरला होता. तबलजीबुवांनीं तो शेकोटीवर धरून तापविला, बोटानें ठोकून पाहिला, पुन्हां धरला. तरुणानें जवळच मायक्रोफोन उभा केला. वाजविणें थांबल्यावर त्यानें तें ऐकविलें, तेव्हां डफाबरोबर जळत्या लांकडांची तडतडही आली होती. ती काढूं का, असें त्यानें मला विचारलें. मीं तबलजीबुवांकडे पाहिलें. ते डफ पुन्हां शेकीत होते.