साती आसरांना चेहरा नसतो

वडगाव रासाई हे शिरूर तालुक्यातले भीमाकाठचे गाव. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड, आणि दोन्ही तीरांवर ऊस. या पट्ट्यात, किंबहुना साऱ्या पुणे जिल्ह्यात, पाणवठ्याशेजारी साती आसरांची ठाणी असतात. ओळीने मांडलेले सात दगड, त्यांना शेंदूर, पुढ्यात हळदकुंकू. नाक नाही, डोळे नाहीत, हातात आयुध नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून मातृदेवतांच्या अशा ठाण्यांचा अभ्यास केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात तो वाचायला मिळतो. या दगडांपुढे नारळ फोडणारी बाई ते कोणासारखे दिसतात, असे विचारत नाही. दगडाचा आकार, शेंदराचा रंग, सातांची ओळ आणि पाण्याजवळची जागा एवढे तिला पुरते. पण हीच बाई किंवा शहरात शिकायला गेलेला तिचा मुलगा अमूर्त चित्रापुढे उभा राहिला, की पहिला प्रश्न येतो : हे काय आहे? माझे म्हणणे असे की हा प्रश्न आपल्या नजरेचा मूळ स्वभाव नव्हे. ती लागलेली सवय आहे, आणि ती लागूनही फार काळ लोटलेला नाही.

ही सवय कशी लागली, हे शोधायला लांब जावे लागत नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि हुबेहूब रेखाटनाचे युरोपीय शिक्षण आपल्याकडे रुजले. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो पुणे जिल्ह्यातच, मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी घराघरांतल्या भिंती व्यापल्या. देवांना माणसांसारखी कांती आली, साडीच्या निऱ्यांना सावली आली, दागिन्यांना वजन आले. मागोमाग कॅलेंडरे आली, फोटो आले. या परंपरेला मी कमी लेखत नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र आहे. ज्योतीवर धरलेल्या तिच्या बोटांतून जो उजेड पाझरतो, तो दाखवायला फार मोठी साधना लागते. पण हुबेहूबपणा ही चित्रकलेची एक देणगी आहे. आपण तिलाच चित्रकला समजून बसलो.

या सवयीतून बाहेर पडायचे तर एकदम कोऱ्या रंगापासून सुरुवात करू नये. आधी प्रभाकर बरवे पाहावेत. ते १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्मले आणि १९९५ साली गेले. त्यांच्या चित्रांतली वस्तू लगेच ओळखू येते : पान, घड्याळ, ढग, फळ. म्हणून या चित्रांना वास्तवाकडे झुकलेले अमूर्त म्हणता येते. अडचण पुढेच सुरू होते. पान आणि घड्याळ एकाच मापाचे का? मधली एवढी जागा मोकळी का? एकमेकांशी काही नाते नसलेल्या वस्तू एका पटावर शांतपणे नांदतात कशा? रंगही दुकानात मिळणारा, लोखंडी दारांना लावतात तसला इनॅमल, गुळगुळीत, सपाट. वस्तू कळली तरी चित्र उरतेच. मग नजर आपोआप अंतराकडे, कडांकडे, रिकाम्या जागेकडे वळते. बरव्यांनी आपल्या विचारांच्या पुस्तकाला 'कोरा कॅनव्हास' हे नाव दिले, ते मला फार अर्थपूर्ण वाटते.

त्यानंतर वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा, कुटुंब गोव्याचे, १९४८ साली जे. जे. मधून पदविका. सुरुवातीच्या काळात त्यांनी माणसेही रंगवली, म्हणजे आकृती काढता येत नव्हती म्हणून ते अमूर्ताकडे वळले, असे म्हणायला जागा नाही. ते रोलरने आणि सुरीने रंगाचे पातळ थर चढवत, खरवडत, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलत. लांबून कॅनव्हास एका रंगाचा दिसतो. जवळ गेले की त्यात काही आकार बुडालेले, काही वर येऊ पाहणारे, काही कडेला विरघळलेले. कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा, हे शोधत राहिले की उजेड पृष्ठभागावरून येत नाही, आतून येतो आहे, असे वाटू लागते. वर्षाला ते मोजकीच चित्रे करीत.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा : दगडामागे श्रद्धा आहे, पिढ्यांचा संकेत आहे, कॅनव्हासमागे काय आहे? आक्षेप खरा आहे आणि तो पुसून टाकता येत नाही. गायतोंड्यांचे चित्र नवसाला पावत नाही, त्याची जत्रा भरत नाही. पण माझा दावा तेवढाच आहे, की चेहरा नसलेल्या आकारापुढे थांबण्याची क्षमता आपल्याकडे आहे. श्रद्धेने ती वापरली. कला तीच वेगळ्या कामासाठी मागते. संकेत नसल्यामुळे इथे बघणाऱ्याला जास्त वेळ द्यावा लागतो, इतकेच. दुसरा आक्षेप, लहान मूलही असे काढेल. मूल एक सुंदर डाग काढेलही. पण कुठला थर ठेवायचा आणि कुठला खरवडायचा, हा निर्णय ते चित्रामागून चित्र, वर्षानुवर्षे घेत नाही. तिसरा आक्षेप किमतीचा. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचे एक चित्र २३ कोटींच्या वर गेले. तो बाजाराचा आकडा आहे. त्यावरून चित्र थोर ठरत नाही, की फसवे ठरत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा खेड्यापाड्यांतली मुले देतात. त्यात वस्तुचित्र असते, तसेच संकल्पचित्रही असते, म्हणजे वर्तुळे, त्रिकोण, वळणदार रेषा आणि रंगांची मांडणी. अमूर्त चित्राचा पहिला धडा शाळेच्या वर्गात आधीपासूनच आहे. तो गुणांसाठी उरकला जातो. कलाशिक्षकांना माझी विनंती आहे की मुलाने वर्तुळ निळे रंगवले, तर रंग रेषेबाहेर गेला का, एवढेच तपासू नका. शेजारी पिवळा असताना इथे निळा का घेतलास, हे त्याला विचारा आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.