एकनाथच्या पदव्या आणि एक जर्मन शब्द

घर सोडलेला तरुण चुकतो, प्रेमात पडतो, ठेचा खातो आणि घडत घडत शेवटी समाजात आपल्या जागी येऊन पोचतो. अशी गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीला ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हणतात. कार्ल मॉर्गेनस्टर्न या प्राध्यापकाने १८१९ च्या सुमारास डॉर्पाटमध्ये, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूमध्ये, दिलेल्या व्याख्यानांतून हा शब्द मांडला. पुढे विल्हेल्म डिल्टाय यांनी तो रूढ केला आणि विसाव्या शतकात इंग्रजी समीक्षेने तो आहे तसाच उचलला.

या प्रकाराचा आदर्श नमुना म्हणजे गटेची ‘विल्हेल्म माइस्टर’ (१७९५-९६). व्यापाऱ्याचा मुलगा नाटकाच्या नादी लागतो, बराच भटकतो. अखेरीस मनोऱ्यात जमणारे एक गुप्त मंडळ त्याला उमेदवारी पूर्ण झाल्याचे पत्र देते, आणि सरदार घराण्यातल्या नातालीशी त्याचे लग्न ठरते. पत्र हाती पडले की दार उघडते, हा विश्वास या साऱ्या कल्पनेच्या मुळाशी आहे.

मराठीत हा विश्वास फार लवकर तडकला. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. नवऱ्याच्या प्रोत्साहनाने यमू वाचायला शिकते, विचार करू लागते. तो जातो आणि तिचे केशवपन होते. यमू घडण्यात कुठेच कमी पडलेली नसते.

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात जातो. मेसचा कारभार अंगावर घेतो आणि पैशांत बुडतो. धाकटी मनी देवीच्या आजाराने जाते, ते दुःख कुठल्याच शिकवणीत बसत नाही. तो गावी परततो. पण घरी शेती आहे, खाऊनपिऊन सुखी असा बाप आहे, त्यामुळे त्याच्या रिकामपणालाही एक ओसरी मिळते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) ती ओसरीही खचते. एकनाथ एम. ए., बी. एड. आहे. मास्तरकीच्या जागेसाठी संस्थेला पैसे मोजावे लागतात, आणि बापाची कोरडवाहू शेती ते देऊ शकत नाही. शहरात वाढलेली बायको अलका नोकरीची वाट पाहते. एकनाथ वावरात राबतो. पदव्यांचे कागद घरात आहेत, पण ते दाखवून उघडेल असे दारच नाही. गटेच्या मंडळाचा इथे मागमूस नाही. मुलाखत घेणारे संस्थाचालक मात्र आहेत.

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. कापूस-सोयाबीनच्या पैशावर मुलगा शिकवायचा, मग त्याच्या नोकरीसाठी तेच वावर विकायचे की राखायचे यावर घरात बोलणी होतात. जर्मन समीक्षकांनी नायकाच्या मनाची वाढ मोजली. इथे बापाच्या सातबाऱ्याची घटही मोजावी लागते.

‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि बहुतेकांनी तिला शेतकऱ्याची कादंबरी म्हटले. ती तशी आहेच. पण त्या नावाखाली एकनाथच्या शिक्षणाची गोष्ट झाकली जाते. शेतीचा तोटा आणि शिक्षणाचा तोटा त्याला एकाच घरात, एकाच वेळी सोसावा लागतो. ही कादंबरी ‘विल्हेल्म माइस्टर’च्या शेजारी ठेवून वाचली, तरच तो दुसरा तोटा नीट दिसतो.