ठेवणीतले कपडे आणि हवाई चप्पल

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर खरी गर्दी मध्यरात्रीनंतर सुरू होते. आखाताकडे जाणारी बरीच विमाने रात्रीची नाही तर पहाटेची. रत्नागिरीकडून आलेली एखादी सुमो दारात थांबते, सात-आठ माणसे उतरतात आणि त्यांतला निघालेला कोण, हे विचारावे लागत नाही. मे महिन्याचा उकाडा असतो, घामाने सदरे पाठीला चिकटलेले असतात आणि या पोराच्या अंगात कोट असतो. बाहीवरचे लेबल अजून उसवलेले नाही. बूट नवे आहेत, टाच घासते म्हणून पाऊल जरा तिरके पडते. हातात प्लास्टिकचा फोल्डर. त्यात पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि कंपनीचे पत्र. ट्रॉलीवरच्या खोक्याला नायलॉनची दोरी आवळलेली आणि वर मार्करने ठसठशीत नाव. त्याच दारातून आणखी एक जण आत शिरतो. ढगळ ट्रॅक पँट, पायात क्रॉक्स, मानेभोवती उशी. दोघांपैकी विमानाचा सराव कुणाला आहे, हे सांगायला ज्योतिषी नको.

प्रवासासाठी नटणे ही तशी आपल्याकडची रीत नव्हे. लाल डब्यातून गावाला जाताना अंगावर जुनेरच असायचे. ठेवणीतली साडी पिशवीत, घडी मोडू नये म्हणून सगळ्यांत वर. धुळीने माखून पोहोचायचे, हातपाय धुवायचे आणि मग कपडे बदलून चारचौघांत यायचे. विमानाने हा क्रम उलटा केला. इथे ठेवणीतले कपडे प्रवासातच अंगावर चढतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर उतरतात. पहिलेपणाची हौस म्हणून हे समजावून सांगता येते, आणि त्यात तथ्यही आहे. पहिल्या विमानप्रवासाचे फोटो घरोघरी जपलेले असतात. पण नुसती हौस असती तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती ओसरली असती. आखातातून सुट्टीवर येणारा माणूस दहाव्या खेपेलाही कडक इस्त्रीतच दिसतो.

सुरुवातीला विमानात बसणारा मुळात नटलेल्या वर्गातलाच असे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते आणि त्यांत काही राजेरजवाडे होते. त्याआधी दोन वर्षे, १९४६ मध्ये, बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी कंपनीसाठी ‘महाराजा’ घडवला होता. फेटा, पिळदार मिशा आणि कमरेत वाकून केलेला मुजरा. गंमत अशी की हा महाराजा प्रवाशापुढे वाकतो. म्हणजे तिकीट काढणारा त्याच्याहून मोठा. अशा विमानात कुणी चुरगळलेल्या सदऱ्यात कसे बसणार?

अमेरिकेत या थाटामागे सरकारी कारणही होते. १९७८ पर्यंत तिथे विमानाचे भाडे सरकारी मंडळ ठरवत असे. भाड्यात स्पर्धा नाही म्हटल्यावर कंपन्या जेवणात, आसनांत आणि सेवेत एकमेकींवर कडी करू लागल्या. प्रवासीही मोठ्या हॉटेलात जेवायला जावे तसे कपडे करून येत. १९७८ च्या कायद्याने हे नियंत्रण उठले, भाडी उतरली, जागा आवळत गेल्या आणि टाय सुटला.

आपल्याकडे हे वळण २००३ मध्ये आले. कॅप्टन गोपीनाथ यांनी स्वस्त तिकिटांची ‘एअर डेक्कन’ काढली आणि तिचे बोधचिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घेतला. महाराजानंतर कॉमन मॅन, एवढ्यात भारतीय विमानवाहतुकीचा निम्मा इतिहास येतो. पण त्या कॉमन मॅनकडे जरा निरखून पाहावे. धोतर आहे, टक्कल आहे, चेहऱ्यावर कायमचा अचंबा आहे आणि अंगात चौकड्यांचा कोट आहे. लक्ष्मण यांनी आपल्या सामान्य माणसाला कोट काढू दिला नाही, कारण कचेरीच्या दारात उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाला तो काढणे परवडत नाही. विमानतळही त्याच्या लेखी एक कचेरीच आहे.

आणि खरेच, विमानतळावर जितक्या वेळा माणूस तपासला जातो तितक्या वेळा दुसऱ्या कुठल्या प्रवासात नाही. दारावर जवान, मग काउंटर, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, शेवटी विमानाच्या तोंडाशी पुन्हा पास दाखवायचा. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधी चेहरा पाहतो, मग कपडे, मग कागद. ज्याच्या कागदात खोट निघण्याची धास्ती नाही, त्याला मधल्या पायरीची फिकीर नसते. ज्याला ती धास्ती आहे तो कोट घालतो. कोट हा त्याच्या फोल्डरातला आणखी एक कागद असतो.

हे अनुमान हवेतले नाही. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळावर युनायटेड कंपनीने दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात बसू दिले नाही. मोठा गहजब झाला. कंपनीचा खुलासा असा, की त्या मुली कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या पासवर निघाल्या होत्या आणि पासवाल्यांना पोशाखाचे नियम असतात. पैसे मोजणाऱ्या प्रवाशाने लेगिंग्ज घालून खुशाल यावे. पोशाखाची अट इतक्या उघडपणे क्वचितच कुणी सांगितली असेल. ज्याची जागा हक्काची, त्याने काहीही घालावे. ज्याची मेहेरबानीची, त्याने नीट कपडे करावेत. आखाताला निघालेल्या त्या पोराने तिकिटाचे पूर्ण पैसे मोजलेले असतात, अनेकदा कर्ज काढून. तरी तो स्वतःला पासवाल्यांतच धरतो.

त्याचा अंदाज चुकतो असेही नाही. सुधा मूर्ती यांनी ‘थ्री थाउजंड स्टिचेस’ या पुस्तकात हीथ्रो विमानतळावरचा स्वतःचा अनुभव लिहिला आहे. बिझनेस क्लासच्या रांगेत त्या सलवार-कमीजमध्ये उभ्या होत्या. पुढच्या भारी कपड्यांतल्या भारतीय बाईने त्यांना इकॉनॉमीची रांग दाखवली आणि मागे ‘कॅटल क्लास’ असा शेराही मारला. शेरा मारणारी परकी नव्हती, हे विसरू नये. आपल्या माणसाची पायरी आपल्याच माणसाला लगेच ओळखू येते, निदान तसे वाटते.

कोटाने सगळे भागते असे मात्र नाही. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम विमानात जागेवर जाऊन बसले होते. तिथे सुरक्षा कर्मचारी आले आणि तपासणीसाठी त्यांचा कोट आणि बूट उतरवून घेऊन गेले. भारताने निषेध केला, अमेरिकेने दिलगिरी व्यक्त केली. ज्याच्या पाठीशी सरकार उभे नाही, त्याने पट्टा ट्रेमध्ये टाकायचा आणि एका हाताने पँट सावरत पलीकडे जायचे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी प्रवाशांना आवाहन केले, की पायजमा आणि सपाता घालून विमानतळावर येऊ नका. निदान जीन्स आणि बरा शर्ट घाला. विमानात मारामाऱ्या वाढल्या आहेत, नीट कपडे घातले तर लोक नीट वागतील, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब भाबडा वाटतो. गुडघे पुढच्या आसनाला टेकलेले, जेवणाला वेगळे पैसे, बॅगेला वेगळे पैसे आणि वर टापटीप राहण्याचा उपदेश! उंच टाचा आणि नायलॉनचे कपडे मात्र खरेच टाळावेत. आणीबाणीत घसरगुंडीवरून उतरताना टाचा काढायला लावतात आणि आगीत नायलॉन वितळून कातडीला चिकटते. बाकी पोशाखाचे सल्ले ज्याचे त्याने पाहावे.

आपल्याकडचे राजकीय आवाहन बरोबर उलट्या टोकाचे आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्यात ‘उडान’ योजनेचा प्रारंभ करताना पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले, की हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवेलाही हिरवा झेंडा मिळाला. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, अशी योजनेची मर्यादा होती. माणूस विमानात आलाही. चप्पल मात्र आली नाही. रोज हवाई चप्पल घालणारा त्या दिवशी बूट घालतो, आणि नसले तर चुलतभावाचे मागून आणतो. विमानात स्लिपर फटफटवत चालणारा बहुधा महिन्याला चार फेऱ्या मारणारा असतो आणि त्या स्लिपरच्या किमतीत त्या पोराचे बूट दोनदा येतील.

कोटवाला पोरगा विमानात बसल्यावर कोट काढतो, उलटा करून घडी घालतो आणि मांडीवर ठेवतो. वरच्या कप्प्यात चुरगळेल. उतरायची घोषणा झाली की पुन्हा चढवतो, कारण पुढे परक्या देशाचे इमिग्रेशन आहे. तिथून कंपनीची बस त्याला थेट कामगारांच्या वसाहतीत नेते. करार बहुधा दोन वर्षांचा असतो. तोवर कोट बॅगेत.