सोळा आण्यांतले सत्य

आमच्याकडे एखादी गोष्ट नुसती खरी नसते, सोळा आणे खरी असते. जामनेरच्या बाजारात कोणा शेतकऱ्याला 'यंदा कपाशी चांगली आहे का?' असे विचारून पाहावे. तो होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. 'आठ-नऊ आणे आहे,' म्हणतो. 1957 साली दशमान नाणी आली, पुढे सरकारी आणेवारीची पैसेवारी झाली. पण जिभेवरचे आणे काही मोडीत निघाले नाहीत.

1965 साली बर्कले येथील लोत्फी झादे या प्राध्यापकांनी हीच रीत गणितात आणली. जुन्या तर्कशास्त्राप्रमाणे माणूस उंच तरी असतो किंवा नसतो. झादे म्हणाले, शून्य आणि एक यांच्या दरम्यान तो कितीही उंच असू शकेल. येथे एक घोटाळा नेहमी होतो. आठ आणे पीक म्हणजे पीक चांगले असण्याची शक्यता निम्मी, असे मुळीच नव्हे. पीक समोर उभे आहे. संशय आपल्या माहितीत नाही. 'चांगले' या शब्दालाच बांध नाही.

संगणकांना एकमेकांचे ज्ञान समजावे म्हणून 2004 साली 'आउल' नावाची एक प्रमाणभाषा मान्य झाली. कपाशी हे पीक आहे, जामनेर जळगाव जिल्ह्यात आहे, असली विधाने तिच्यात चोख बसतात. 'पीक बरे आहे' हे बसत नाही. 2011 साली बोबिल्यो आणि स्त्राच्चा या दोघा संशोधकांनी तोडगा सुचवला: भाषा तीच ठेवावी आणि किती आणे, ते टिपेसारखे विधानाला जोडावे. ज्या यंत्राला ती टीप कळते ते वाचील; ज्याला कळत नाही ते ओलांडून पुढे जाईल.

हे वाचले आणि मला पैसेवारीचा कागद आठवला.

गावाचे पीक आधी नजरेने अजमावतात. पुढे नमुन्याचे तुकडे कापून, मळून, वजन करून प्रमाण उत्पादनाशी ताडून पाहतात. इतक्या कष्टाने गावाचा आकडा ठरतो. मग 50 पैशांवर रेघ येते आणि आकडा ओलांडला जातो. रेघेच्या आतल्या गावाला जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांना परीक्षेची फी माफ. बाहेरच्याला काही नाही. एके वर्षी शेजारच्या दोन गावांपैकी एक आत राहिले, दुसरे 51 वर गेले. बाहेरच्या गावातला एक बाप शाळेत आला. "गुरुजी, बांध एकच, पाऊस एकच," तो म्हणाला. "त्या एका पैशाचं आम्ही काय खाल्लं?"

मी काय सांगणार? मीही 35 ला पास आणि 34 ला नापास करणारा माणूस.

रेघच नको, असे म्हणणे सोपे आहे. पण फी घ्यायची किंवा सोडायची. सूट आण्यांनी देता येईल कदाचित, वर्ग मात्र आण्यांनी चढवता येत नाही. झाद्यांचे गणित तरी रेघ पुसते काय? 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पावसाची तूट, जमिनीतील ओल, उपग्रहाला दिसणारी हिरवळ असे पुष्कळ निर्देशांक आणले. हे शहाणपणाचेच झाले. तथापि अनेक मापे एकत्र करायची म्हणजे मध्ये 'आणि' हा शब्द येतो. समजा, एका गावाला 'पाऊस पुरेसा' हे 0.6 लागू आहे आणि 'ओल पुरेशी' हे 0.7. या गणितात 'आणि'चा एक अर्थ दोहोंतले लहान घ्यावे असा आहे: उत्तर 0.6. दुसरा, तितकाच शास्त्रशुद्ध अर्थ गुणाकार करावा असा आहे: उत्तर 0.42. रेघ निम्म्यावर असेल तर पहिल्या अर्थाने गाव मदतीबाहेर राहते, दुसऱ्याने आत येते. मापणारा प्रामाणिक, यंत्र निर्दोष, आणि गावाचे नशीब 'आणि'च्या अर्थात! तो अर्थ यंत्र निवडत नाही. कोणीतरी माणूस खोलीत बसून निवडतो, आणि त्या बापाला ती खोली कुठे आहे हेही ठाऊक नसते. मला भय वाटते ते याचे. पन्नासाची रेघ आंधळी खरी, पण निदान ती दिसते. तिच्याशी भांडता येते. तो बाप भांडायला आला, तो ती दिसली म्हणूनच.

आणे टिपून ठेवावेत, या मताचा मी आहे. पण त्यांच्याशेजारी 'आणि'चा अर्थ कोणी व का निवडला, तेही मराठीत लिहून चावडीवर लावावे.

त्या बापाने फी भरली. मी पावती फाडून दिली. घडी करण्यापूर्वी त्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली.