परमुलखी उदंड

मे महिन्यात कुपवाड एमआयडीसीत डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हात रस्त्याकडेला फुलून येतो तो गुलमोहर. खाली पडलेलं फूल उचलून पाहावं. चार पाकळ्या लालभडक, पाचवी पांढरट, तिच्यावर लाल-पिवळे शिंतोडे. पोरं ही पाकळी आंबट म्हणून चावतात, पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून झुंज लावतात. तिकडे साताऱ्यात तर 1 मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. इतकं हे झाड आपलं झालं आहे.

मूळचं ते मादागास्करचं. त्या बेटाच्या पश्चिम आणि उत्तर किनाऱ्याकडच्या कोरड्या, पानगळीच्या रानातलं. 1820 च्या दशकात वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला ते पडलं आणि मॉरिशसमार्गे जगभर गेलं. आज उष्ण मुलखात गुलमोहर नाही असं शहर शोधावं लागेल. आणि घरी? कोळशासाठी, शेतीसाठी रान तुटत गेलं तसं तेही विरळ झालं. 1998 साली जागतिक लाल यादीत त्याची गणना धोक्यातल्या झाडांत झाली होती. पुढे ते त्या गटातून बाहेर आलं, पण रानावरची कुऱ्हाड काही थांबली नाही.

खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं अशीच. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली, तिकडे भरभराटली. गावातल्या घराला मात्र कुलूप. तरी गलाईवाला जत्रेला येतो, देवळाला हातभार लावतो. झाडाला ती सोय नाही. कुपवाडच्या गुलमोहराचं बी हातभर शेंगेत खुळखुळत राहतं, मादागास्करच्या रानात ते कधी पोचत नाही.

समोर उदंड दिसतं म्हणजे सगळीकडे क्षेम आहे, असा हिशेब आपण सहज मांडतो. पण रस्त्याकडेची रांग माणसाच्या हौसेवर उभी असते. रस्ता रुंद करायचा ठरला की ती एका दिवसात जाते. रान आपलं बी आपण रुजवतं, त्याला कोणाची हौस लागत नाही. फक्त जागा लागते.

मादागास्करचं रान राखणं आपल्या हातात नाही. पण मिरज-कवठेमहांकाळच्या माळावरचा हिवर राखणं आहे. तोही गुलमोहरासारखा शेंगांच्याच कुळातला. त्याला लाल तुरा नाही, म्हणून शोभेसाठी त्याला कोणी परमुलखी नेलं नाही आणि त्याचा दिनही कोणी पाळत नाही. माळ सपाट करून प्लॉट पाडताना पहिला घाव त्याच्यावरच बसतो. पाऊस जवळ आला की नव्या रोपांसाठी किती खड्डे काढले याची मोजदाद होते. किती हिवर उभे राहू दिले, हेही त्याच वहीत लिहायला हवं.